आठवडाभर आपले नाव कोणी घेत नाही तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये परदेशात राहून घरूनच नोकरी करणाऱ्या वाचकांची आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या आप्तांची पत्रे बरीच आहेत. त्यांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी ३१ वर्षांची असून गेली दोन वर्षे परदेशात एकटी राहते. मी आले तेव्हा कार्यालय होते; आठ महिन्यांनी कंपनीने ते बंद केले आणि सर्वांना कायमचे घरून काम करण्यास सांगितले. पगार चांगला आहे, काम आवडते, वरिष्ठ समजूतदार आहेत. आईबाबांशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते आणि जुन्या मैत्रिणींचे संदेशही दिवसभर येत असतात. त्यामुळे वरवर पाहता तक्रार करावी असे काहीच नाही. तरीही मागच्या महिन्यात एका गुरुवारी पार्सल घेऊन आलेल्या माणसाने दारात उभे राहून माझे पूर्ण नाव वाचले, तेही अडखळत आणि चुकीचे, आणि दार लावल्यावर मला रडू कोसळले. घरचे मला लाडक्या नावाने हाक मारतात आणि सहकारी सगळे काही लिहूनच कळवतात. सोमवारपासून त्या क्षणापर्यंत माझे नाव कोणी तोंडाने घेतलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. मी इतकी हळवी कधीच नव्हते. माझ्यात काही उणे आहे का? बाहेर लोकांत मिसळावे म्हटले तर माझ्या उच्चारांची मला लाज वाटते, आणि सहा वाजता लॅपटॉप मिटला की कोठे जावे हेच सुचत नाही.

उत्तर : तुमच्यात काहीही उणे नाही, हे आधी सांगते, कारण तो प्रश्न पत्रात उतरण्यापूर्वी तुम्ही स्वतःला अनेक रात्री विचारला असावा. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणाच्या अभ्यासात बरीच वर्षे घालवली. त्यांची मांडणी अशी होती की, भूक किंवा तहान हा जसा शरीराने दिलेला इशारा असतो, तसाच एकाकीपणा हाही इशाराच आहे. एकमेकांच्या आधाराने तगून राहिलेल्या माणसाला सोबत कमी पडू लागल्याचे तो कळवतो. तहान लागली म्हणून कोणी स्वतःला दुबळे म्हणत नाही. शिवाय ही तहान तुम्हा एकटीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात साधारणपणे दर ६ माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो.

मग रोज आईबाबांशी बोलूनही ही तहान भागत का नाही? रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. जिवाभावाचे माणूस नसल्यामुळे येणारा एकाकीपणा वेगळा आणि आपण ज्यांच्यात मोडतो असा गोतावळा, शेजार किंवा सहकाऱ्यांचा गट नसल्यामुळे येणारा एकाकीपणा वेगळा. आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. तुमच्याकडे जिवाभावाची माणसे आहेत, आणि ती तुमच्यावर मनापासून माया करतात. परंतु तुम्ही एखाद्या दिवशी दिसला नाहीत तर 'आज ही कशी आली नाही?' असे ज्याच्या मनात येईल, असे माणूस तुम्ही राहता त्या शहरात एकही उरलेले नाही. आईशी आणखी दोन तास बोलल्याने ही जागा भरणार नाही. ते समजून घेतलेत, तर फोन ठेवल्यावर वाटणाऱ्या रितेपणाबद्दल तुम्हाला अपराधीही वाटणार नाही.

कार्यालय बंद झाले तेव्हा तुमचे नेमके काय गेले, याचा विचार करा. जिन्यात भेटणारी बाई, दार उघडून धरणारा सुरक्षारक्षक, पलीकडच्या विभागातील तो गृहस्थ, ज्याच्याशी हवेपाण्यापलीकडे कधी बोलणे झाले नाही. ही मैत्री नव्हतीच, त्यामुळे ती गेल्याचे दुःख करावे असेही कोणाला वाटत नाही. पण जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या दिवशी अशा तोंडओळखीच्या माणसांशी अधिक वेळा बोलणे होते, त्या दिवशी माणसाला अधिक बरे वाटते आणि आपण कोठेतरी सामावलेले आहोत ही भावनाही वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील एका मोठ्या प्रवासी कंपनीत केलेला प्रयोगही या संदर्भात मला फार बोलका वाटतो. स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांतील काहींना नऊ महिने आठवड्यातून चार दिवस घरून काम करू दिले गेले आणि त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. तरीही प्रयोग संपून निवडीची मोकळीक मिळताच त्यांतील जवळजवळ निम्मे लोक कार्यालयात परतले आणि एकटेपणा हे त्यामागचे मोठे कारण होते. लक्षात घ्या, ही माणसे स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच भाषेत वावरत होती. तुमच्या वाट्याला तर निवडीची मोकळीकही आली नाही.

आता काय करावे, याबद्दल. 'छंद जोपासा, पुस्तके वाचा, स्वतःवर प्रेम करा' हा सल्ला तुम्हाला पुष्कळांनी दिला असेल. घरात बसून जोपासलेला छंद मनाला विरंगुळा देतो, पण त्याच खोलीत आणखी एक तास एकटीने घालवल्याने ओळखी होत नाहीत. अनोळखी लोकांच्या एकेकट्या मेळाव्यांबद्दलही माझे मत फारसे अनुकूल नाही, कारण तेथे दर वेळी नवे चेहरे असतात, दर वेळी तीच ओळख करून द्यावी लागते आणि माणूस गेला त्यापेक्षा अधिक थकून घरी येतो. मैत्रीला तास लागतात. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतेच नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांनाही प्रश्न विचारले होते. तोंडओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीत होण्यास सुमारे ९० तास आणि घनिष्ठ मैत्रीत होण्यास २०० हून अधिक तास लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. निव्वळ कामानिमित्त एकत्र घालवलेल्या तासांचा यात फारसा हातभार लागत नाही, हेही त्यात दिसले.

हा आकडा पाहून खचू नका. उलट मला त्यात मोठा दिलासा दिसतो. आठवड्यातून दोन तास त्याच माणसांबरोबर घालवले तरी पहिले ५० तास सहा महिन्यांत भरतात. म्हणजे दोन वर्षांत मैत्री झाली नाही याचे कारण तुमच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. ते तास साठायला जागाच नव्हती. तेव्हा असे एकच ठिकाण निवडा, जेथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच ती माणसे येतात आणि हाताला किंवा गळ्याला काही काम असते, म्हणजे सतत बोलत राहण्याचे दडपण येत नाही. समूहगायन, एखाद्या खेळाचा हौशी संघ, स्थानिक भाषेचा वर्ग, ग्रंथालयातील किंवा प्राण्यांच्या निवाऱ्यातील स्वयंसेवा, यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच की मैत्री जमली नाही तरी सहा महिने जावेसे वाटेल असे ते असावे. यांत माझा कल स्वयंसेवेकडे आहे. तेथे कामाच्या पाळीच्या यादीत तुमचे नाव लिहिलेले असते, कोणीतरी ते मोठ्याने वाचते आणि तुम्ही गेला नाहीत तर चौकशी होते. नाव चुकीचे उच्चारले गेले, तर हसून दुरुस्त करा आणि दोनदा म्हणून घ्या. अनेक ओळखींची सुरुवात याच एका मिनिटात होते, असे मी परदेशातून लिहिणाऱ्या वाचकांकडून वारंवार ऐकले आहे. पहिले पाचसहा आठवडे कंटाळवाणे जातील आणि 'येथे माझे कोणाशी जमणार नाही' असे नक्की वाटेल. त्या काळात निकाल लावू नका.

उच्चारांच्या लाजेबद्दल एक गोष्ट सांगते. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असे दाखवून दिले की, नव्या माणसाशी गप्पा मारून झाल्यावर समोरच्याला आपण कितपत आवडलो याचा अंदाज लोक सर्रास कमीच बांधतात. प्रत्यक्षात ते त्याहून अधिक आवडलेले असतात. परक्या भाषेत बोलताना तर आपण आपल्या प्रत्येक चुकीचा हिशोब ठेवत असतो, आणि ऐकणाऱ्याने त्यातले निम्मेही टिपलेले नसते.

संध्याकाळच्या सहाबद्दल सुचवायचे ते इतकेच की, कोठे जायचे याचा निर्णय सहा वाजता घेऊ नका. दिवसभर पडद्याकडे पाहून थकलेले मन त्या वेळी नेहमी 'आज राहू दे' असेच म्हणणार. जायचे ठिकाण सकाळीच कागदावर लिहून ठेवा आणि पावणेसहाला बूट घालून मगच दिवसाचे शेवटचे संदेश पाठवा. ज्या दिवशी वर्ग किंवा पाळी नसेल, त्या दिवशी एकाच वाटेने, एकाच वेळी वीस मिनिटे चाला. एकाच वेळी बाहेर पडणारी माणसे काही दिवसांत एकमेकांना ओळखू लागतात. आठवड्यातून एकदोन दिवस सार्वजनिक ग्रंथालयात किंवा भाड्याने मिळणाऱ्या सामायिक कार्यालयात बसून काम करता आले, तर तेही करा. आणि तुमचे वरिष्ठ समजूतदार आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तर आठवड्यातून एकदा लिहून कळवण्याऐवजी फोनवर बोलू या, असे त्यांना सांगा. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न : सादर नमस्कार. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. दीड वर्षापासून तो परदेशात असून घरूनच काम करतो. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याला व्हिडिओ कॉल करते. तेव्हा त्याच्याकडे दुपार टळून संध्याकाळ होत असते. 'कसा आहेस?' म्हटले की 'ठीक आहे' म्हणतो आणि दहा मिनिटांत बोलणे संपते. हल्ली त्याच्या मागचा पडदा भर दिवसाही ओढलेला असतो आणि दिवा लावलेला असतो. नातेवाईक म्हणतात, लग्न करून द्या म्हणजे सगळे सुरळीत होईल. मी काय करू?

उत्तर : तुम्ही तो पडदा पाहिलात, हे फार महत्त्वाचे आहे. दूर राहणारी मुले आईवडिलांना त्रास नको म्हणून 'ठीक आहे' या दोन शब्दांमागे पुष्कळ काही झाकून ठेवतात, आणि 'कसा आहेस?' या प्रश्नाला दुसरे उत्तर देणे त्यांना कठीणच जाते. म्हणून प्रश्न लहान आणि नेमका विचारा. आज घराबाहेर पडलास का, कोणाशी बोललास, खिडकीतून काय दिसते ते मला दाखव. शेवटची विनंती त्याने मान्य केली तर पडदाही उघडला जाईल. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातील झोप-जागेचे घड्याळ ताळ्यावर राहते. दिवसभर दिव्याच्या उजेडात बसणाऱ्याची झोप बिघडू लागते आणि झोप बिघडलेला माणूस लोकांत जाणे आणखी टाळतो.

दुसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटते, पण ती सांगायला हवी. तुमची झोपण्यापूर्वीची वेळ म्हणजे त्याची काम संपण्याची वेळ. त्या शहरात माणसे एकमेकांना भेटतात ती याच वेळी. आईचा फोन येणार म्हणून तो रोज त्या वेळी घरी थांबत असेल, तर मायेपोटीच का होईना, त्याची बाहेर पडण्याची वेळ आपण घेत आहोत. रोजच्या दहा मिनिटांऐवजी सुटीच्या दिवशी त्याच्या सकाळी, निवांत तासभर बोलायचे असे दोघांनी मिळून ठरवा. मधल्या दिवसांत एखादा आवाजी संदेश पाठवावा आणि त्याला लगेच उत्तर येण्याची अपेक्षा ठेवू नये. 'मी आता बाहेर निघालो आहे, नंतर बोलतो' असे तो कधी म्हणाला, तर त्या दिवशी आनंद माना आणि तो त्याला बोलूनही दाखवा.

लग्नाच्या सल्ल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्या एकाकीपणावरचा इलाज म्हणून कोणा मुलीला तिची माणसे सोडून त्याच बंद पडद्याच्या खोलीत आणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला लग्न करायचे असेल तर ते त्याच्या इच्छेने आणि तो सावरल्यावर व्हावे.

काही खुणांकडे मात्र काळजीपूर्वक लक्ष ठेवा. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकले, झोप आणि भूक फार बदलली, कामाच्या वेळा चुकू लागल्या, मद्यपान वाढले किंवा 'माझ्या असण्याने काय फरक पडतो' अशी भाषा तोंडात आली, तर एकाकीपणा नैराश्यापर्यंत गेलेला असू शकतो आणि तेथे आईची माया पुरत नाही, डॉक्टर लागतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणसाला बोलण्याची वाट मिळते. तो 'हो' म्हणाला तर त्याला फोनवर एकटे सोडू नका आणि त्याच्या शहरातील आपत्कालीन सेवेला किंवा तेथील एखाद्या ओळखीच्या माणसाला तात्काळ कळवा. यासाठी त्याच्या घराचा पूर्ण पत्ता, घरमालकाचा किंवा शेजाऱ्याचा फोन क्रमांक आणि तेथील आपत्कालीन क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाची काही सत्रे विनामूल्य देतात आणि त्याची माहिती वरिष्ठांपर्यंत जात नाही. त्याच्या कंपनीत अशी सोय आहे का, हे त्यालाच शोधायला सांगा.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून पाच वर्षे परदेशात आहे. माझी कंपनी तिसऱ्याच देशातील असल्यामुळे माझे काम संध्याकाळी सुरू होते आणि पहाटे संपते. येथे माझा कोणीही मित्र नाही. नोकरी तशीच ठेवून मायदेशी परत जावे, असे आता वाटू लागले आहे. हा पळपुटेपणा ठरेल का?

उत्तर : परत जाणे हा पळपुटेपणा मुळीच नाही, आणि कोणी तसे म्हणाले तर त्याला तुमच्या पहाटेच्या वेळा सांगा. मात्र निर्णयापूर्वी एक फरक करून पाहा असे मी सुचवते. शहर जागे असते तेव्हा तुम्ही झोपलेले असता आणि ते मोकळे होते तेव्हा तुम्ही कामाला बसता. अशा वेळापत्रकात माणूस स्वतःच्या गावातही एकटाच पडेल. त्यामुळे तुम्हाला नकोसा झालेला तो देश आहे की त्या वेळा आहेत, हे आज तुम्हालाही नेमके सांगता येणार नाही. आठवड्यातील किमान दोन संध्याकाळी मोकळ्या मिळतील अशी पाळी तीन महिन्यांसाठी मागा, त्या संध्याकाळी पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे एखाद्या ठरलेल्या ठिकाणी जा, आणि मगच ठरवा.

कंपनीने नकार दिला, तर नोकरी बदलण्याचा विचार देश बदलण्याच्या आधी करावा, असे मला वाटते. परतायचेच ठरले, तर तेथून याच कंपनीसाठी काम करताना घड्याळात किती वाजलेले असतील हे तिकीट काढण्यापूर्वी मोजून पाहा. जुने मित्रही पाच वर्षांत आपापल्या संसारात गुंतलेले असतील, तेव्हा त्यांपैकी दोघातिघांना आताच फोन करा आणि आठवड्यातील कोणत्या वेळी ते खरोखर मोकळे असतात, हे विचारून घ्या.